मनाचे दैवतीकरण आणि धम्मपदाची पहिली गाथा

धम्मपदाच्या ४२३ गाथांपैकी यमकवग्गातील पहिली गाथा आपल्या उपासक-उपासिकांना सर्वाधिक परिचित आहे. मन हे पुढे चालणारे आहे, मन श्रेष्ठ आहे, एवढा तिचा आशय लहान मुलेही सांगू शकतात. ज्या गोष्टी फार परिचित असतात त्यांच्या अर्थाविषयी आपण सहसा शंका घेत नाही. याच कारणाने या गाथेचा आधार घेऊन एक सर्वस्वी अबौद्ध मत आपल्या घरांत आणि विहारांत शिरत आहे. प्रस्तुत लेखात त्या मताची परीक्षा करावयाची आहे.

गेल्या वर्षावासात एका विहारातील प्रवचनानंतर एक तरुण आमच्याजवळ येऊन बसला. स्पर्धा परीक्षेत तो तीन वेळा अनुत्तीर्ण झाला होता. दरम्यान त्याने शुल्क भरून एका शिबिराला हजेरी लावली होती. तेथे त्याला सांगण्यात आले होते की, मनुष्याची जाणीव हीच ईश्वरी शक्ती असून ती ज्याची खात्रीने कल्पना करते ते प्रत्यक्षात उतरते; जे उतरत नाही त्याच्या मुळाशी विचारातील अशुद्धी असते. आधार म्हणून धम्मपदाची हीच गाथा फळ्यावर लिहिली होती. त्या तरुणाने आम्हांला विचारले, “सर, म्हणजे माझ्या विचारांतच खोट होती का?” त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, अपराधीपणा होता. पालीच्या अभ्यासकाने या प्रश्नाचे उत्तर देणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

या मताचा वंशवृक्ष

ज्या स्वरूपात हे मत आज आपल्यापुढे येते ते स्वरूप अमेरिकेत घडले. मेन राज्यातील फिनियस क्विम्बी (१८०२–१८६६) हे व्यवसायाने घड्याळे बनविणारे गृहस्थ. रोग म्हणजे रोग्याच्या मनातील चुकीची समजूत, असे मानून ते उपचार करीत. त्यांच्या विचारांतून पुढे ‘न्यू थॉट’ या नावाची चळवळ उभी राहिली. विसाव्या शतकात बार्बाडोस बेटावर जन्मलेले नेव्हिल गॉडार्ड (१९०५–१९७२) यांनी तिला टोकाला नेले. मनुष्याची कल्पनाशक्ती हाच ईश्वर, हे त्यांच्या व्याख्यानांचे सार होते. २००६ साली ऑस्ट्रेलियातील दूरचित्रवाणी-निर्मात्या ऱ्होंडा बर्न यांचा ‘द सीक्रेट’ हा चित्रपट आणि त्याच नावाचे पुस्तक आले. मराठीतही ते वाचले जाते. मनुष्य हा देहधारी ईश्वर आहे, त्याचे विचार चुंबकाप्रमाणे तदनुरूप वस्तू खेचून आणतात, आणि हा विश्वाचा अटळ नियम आहे, असे तेथे प्रतिपादन आहे.

पैसा, आरोग्य आणि पद यांची आशा बाळगणे हा अपराध नाही. अशी पुस्तके वाचून एखाद्याची मरगळ झटकली गेली असेल, तर त्याचा आम्हांस आनंदच आहे. आमचा आक्षेप दोन गोष्टींवर आहे. बुद्धाच्या नावावर त्याने नाकारलेलाच सिद्धांत खपविला जातो, ही पहिली. आणि त्या सिद्धांताचा भार अखेर ज्यांच्या खांद्यावर पडतो ते आपलेच लोक आहेत, ही दुसरी.

गाथा काय सांगते?

प्रथम शब्दांकडे वळू. गाथेत जे मनाच्या मागे चालते असे म्हटले आहे, त्यासाठी ‘धम्म’ हा शब्द बहुवचनात आला आहे. या शब्दाचे अर्थ अनेक आहेत, हे पालीचा प्रारंभिक विद्यार्थीही जाणतो. येथे कोणता घ्यावयाचा? धम्मपद-अट्ठकथेने हा प्रश्न स्वतःच उपस्थित केला आहे. गुण, देशना, परियत्ति आणि निस्सत्त-निज्जीव असे चार अर्थ देऊन त्यांतील चौथा ती येथे स्वीकारते, आणि त्याचा निर्देश वेदना, सञ्ञा व सङ्खार या तीन अरूप स्कंधांकडे असल्याचे स्पष्ट करते. यात रूपस्कंध नाही. म्हणजे डोंगर, नदी, धान्य, पगार, परीक्षेचा निकाल हे काहीही मनाच्या मागे चालते असे परंपरेनेही मानलेले नाही. मनाच्या मागे चालतात त्या मनातल्याच घडामोडी: सुखदुःखाचे अनुभव, संज्ञा आणि संकल्प.

दुसरा शब्द ‘मनोमय’. जग मनाचेच बनलेले आहे असे म्हणणाऱ्यांचा सर्व भर या एका शब्दावर असतो. परंतु हा पाठ पाली परंपरेचा आहे. खोतानजवळ १८९२ साली हाती आलेल्या आणि जॉन ब्रफ यांनी १९६२ साली संपादून प्रसिद्ध केलेल्या गांधारी धर्मपदात, तसेच संस्कृत उदानवर्गात, या ठिकाणी ‘मनोजव’ या अर्थाचा शब्द आहे. मनाच्या वेगाने चालणारे, असा त्याचा भाव. ज्या शब्दावर विश्वनिर्मितीचा इमला उभारावयाचा, तो शब्दच सर्व परंपरांत सारखा नाही. आम्ही पाली पाठ चुकीचा ठरवीत नाही; इतक्या नाजूक पायावर इतका मोठा भार टाकू नये, एवढेच म्हणतो.

तिसरी गोष्ट गाथेच्या उत्तरार्धाची. मनुष्य दूषित मनाने बोलतो किंवा वागतो, तेव्हा गाडी ओढणाऱ्या बैलाच्या पावलामागे चाक यावे तसे दुःख त्याच्यामागे येते, असा तिचा भावार्थ आहे. मन, वाणी आणि कृती यांची ही साखळी आहे. नुसते इच्छिणाऱ्या मनाबद्दल ही गाथा बोलतच नाही. आणि उपमाही पाहा: बैल पुढे चालतो म्हणून चाक मागे येते, परंतु बैलाने रस्ता निर्माण केलेला नसतो, आणि रस्त्यातील खड्डेही त्याच्या विचारांनी पडलेले नसतात.

मग हा विपर्यास झाला कसा? मॅक्स म्युलर यांच्या इंग्रजी भाषांतरात, जे १८८१ साली ‘पूर्वेकडील पवित्र ग्रंथ’ या मालेत आले, ‘धम्म’ हा पारिभाषिक शब्द जाऊन त्याच्या जागी मनुष्याचे समग्र अस्तित्व आले. थॉमस बायरम यांच्या १९७६ च्या रूपांतरात विचारांनी जग घडते, इथवर मजल गेली. बर्नबाईंच्या पुस्तकात बुद्धाच्या नावावर जे वचन आहे ते म्युलरच्याच धाटणीचे आहे. इंग्रजीतून ते मराठीत आले आणि मराठीतून शिबिराच्या फळ्यावर गेले. मूळ गाथा पाठ असणाऱ्या तरुणालाही ते ओळखू आले नाही.

महाब्रह्म्याचा गैरसमज

आपल्या इच्छेने जग घडते असे मानणाऱ्याचे चित्र त्रिपिटकात आलेले आहे, आणि ते कोणा सामान्य माणसाचे नसून प्रत्यक्ष महाब्रह्म्याचे आहे. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात ही कथा येते. लोकाच्या पुनर्विस्ताराच्या वेळी एक रिकामे ब्रह्मविमान प्रकट होते. आभस्सर लोकातून आयुष्य वा पुण्य संपलेला एक जीव तेथे उपजतो. दीर्घकाळ एकटा राहून तो कंटाळतो आणि दुसरेही कोणी येथे यावे अशी इच्छा करतो. त्याच सुमारास आभस्सरातील इतर जीवही आपापले आयुष्य वा पुण्य संपल्यामुळे तेथे येऊन उपजतात. त्यांना पाहून पहिल्याची खात्री पटते की, मी इच्छा केली आणि हे आले, म्हणून मीच यांचा निर्माता. नंतर आलेल्यांनाही तेच खरे वाटते, कारण त्यांच्यापूर्वी तो तेथे असतो.

सुज्ञ वाचकांनी या कथेचा तर्क बारकाईने पाहावा. इच्छा आधी झाली, घटना नंतर घडली, म्हणून इच्छा हे घटनेचे कारण, हा तो तर्क. येणारे मात्र आपल्या स्वतंत्र कारणांनी आले होते. आज शिबिरांतून ऐकविल्या जाणाऱ्या यशोगाथांचा साचाही हाच असतो: मी मोटारीचे चित्र भिंतीवर लावले आणि वर्षात मोटार दारात आली. ज्यांनी चित्रे लावली आणि मोटार आली नाही, त्यांना व्यासपीठावर कोणी बोलावीत नाही. तथागतांनी ईश्वरकर्तृत्वाचा उगम एका तर्कदोषात दाखविला. आजचे गुरू तोच तर्कदोष प्रत्येक मनुष्याला वाटून प्रत्येकाला छोटासा महाब्रह्मा बनवीत आहेत.

या मताला भौतिकशास्त्राचाही आधार असल्याचे सांगितले जाते. पुंजयामिकीत ‘निरीक्षणा’ने परिणाम बदलतो, म्हणून मनाने जग बदलते, असा हा युक्तिवाद. परंतु तेथील निरीक्षण म्हणजे उपकरणाशी होणारी भौतिक आंतरक्रिया. जाणिवेचा संबंध त्या मापनाशी असावा असे यूजीन विग्नर यांनी १९६१ साली सुचविले होते. पुढे त्यांनी स्वतःच ते मत सोडले. शिवाय ज्यांनी असे मत मांडले त्यांच्यापैकीही कोणी, इच्छेप्रमाणे निकाल मिळविता येतो, असे म्हटले नव्हते.

विज्ञान दैवी आहे काय?

येथे ‘विज्ञान’ हा शब्द आम्ही पालीतील विञ्ञाण म्हणजे जाणीव या अर्थाने वापरीत आहोत. उपनिषदांनी प्रज्ञानाला ब्रह्म म्हटले. बुद्धाची भूमिका याच्या उलट आहे, आणि ती एका प्रसंगाने स्पष्ट होते. मज्झिमनिकायातील महातण्हासङ्खयसुत्तात साति नावाच्या भिक्खूची कथा आहे. तेच ते एकच विज्ञान सर्वत्र संचरते, तेच बोलते, तेच भोगते, असे तो भगवंतांच्या नावावर सांगत असे. भगवंतांनी त्याला बोलावून घेतले आणि कठोर शब्दांत सांगितले की, प्रत्ययावाचून विज्ञानाची उत्पत्ती नाही असेच मी अनेक प्रकारे शिकविले आहे. लाकडावर जळणारा तो लाकडाचा अग्नी, गवतावर जळणारा तो गवताचा. त्याप्रमाणे डोळा आणि रूप यांमुळे होते ते चक्षुविज्ञान. सर्पणावाचून अग्नी नाही. इतर मतांना बुद्धाने पुष्कळदा सौम्यपणे उत्तरे दिली. साति मात्र बुद्धाचेच नाव घेऊन हे सांगत होता, म्हणून त्याला ही फटकार मिळाली. ती आजही कोणाला लागू आहे हे वाचकांनी ठरवावे.

सारनाथ येथे पंचवर्गीयांना दिलेल्या अनत्तलक्खणसुत्तातील युक्तिवाद तर या मताच्या मुळावरच घाव घालतो. विज्ञान जर आत्मा असते, तर ते व्याधीला कारण झाले नसते आणि आपले विज्ञान असे असावे, असे नसावे, अशी आज्ञा त्याला करता आली असती. तशी ती करता येत नाही. ज्या जाणिवेला स्वतःवरही हुकूम चालविता येत नाही, ती सृष्टीवर हुकूम कसा चालविणार?

आक्षेपकाच्या हाती एक बळकट उतारा आहे आणि तो आम्ही लपवू इच्छीत नाही. केवट्टसुत्ताच्या शेवटी विज्ञानाला अनिदर्शन, अनंत आणि सर्वतः प्रभ अशी विशेषणे आली आहेत. ती वाचून अनेकांना ब्रह्माचा भास होतो. या गाथांच्या अर्थाविषयी विद्वानांत दीर्घकाळ मतभेद आहेत. परंतु गाथांचा समारोप विज्ञानाच्या निरोधाने होतो, आणि निरोध पावणारी गोष्ट ब्रह्म होऊ शकत नाही. त्याच सुत्तात एक भिक्खू महाभूतांचा निरोध कोठे होतो हे विचारीत महाब्रह्म्यापर्यंत पोहोचतो. महाब्रह्मा सर्वांसमक्ष आपण कर्ता-निर्माता असल्याची घोषणा करतो आणि मग भिक्खूला हाताला धरून बाजूला नेतो व आपल्यालाही ठाऊक नाही, असे कबूल करतो. ज्या सुत्तात हा विनोद आहे, तेच सुत्त जाणिवेला निर्मात्याच्या आसनावर बसवील, हे संभवत नाही.

वसुबंधूंच्या विज्ञानवादाचाही हवाला दिला जातो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे इतकेच सांगणे पुरे की, विज्ञानवादातील विज्ञानही क्षणिक आणि कारणाधीन आहे. एका व्यक्तीच्या हौसेप्रमाणे जग उलटसुलट करणारी शक्ती तेथे नाही.

दुःखाचा दोष कोणाकडे?

आता या मताच्या सामाजिक फलाकडे वळू. बर्नबाईंच्या पुस्तकात, एखाद्याजवळ पैसा नसण्याचे एकमेव कारण म्हणून त्याच्या विचारांकडे बोट दाखविले आहे. ज्या ऐतिहासिक दुर्घटनांत असंख्य माणसे मेली, त्यांचाही समावेश या नियमात केला आहे. त्या माणसांच्या विचारांची कंपने त्या घटनेशी जुळली असली पाहिजेत, असे तेथे सुचविले आहे. हे वाचून आंबेडकरी वाचकाला काही आठवल्यावाचून राहणार नाही. तू आज अस्पृश्य आहेस तो तुझ्या पूर्वजन्मीच्या कर्माने, असे आपल्या आजोबा-पणजोबांना सांगितले जात होते. आता पूर्वजन्माच्या जागी कालचा विचार आला आहे. भोगणाराच दोषी आणि भोगावयास लावणारा निर्दोष, हा निवाडा तोच आहे.

संयुत्तनिकायात सीवक नावाचा परिव्राजक भगवंतांना विचारतो की, मनुष्य जे काही भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळे, असे म्हणणाऱ्यांविषयी आपले काय मत आहे? भगवंत आठ कारणे मोजतात: पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतुपरिवर्तन, विषम परिहार म्हणजे नीट काळजी न घेणे, बाह्य आघात, आणि कर्मविपाक. आठांपैकी एकाला सर्वांच्या जागी बसविणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगन्मान्य सत्याच्याही पलीकडे जातात, असा त्यांचा अभिप्राय आहे. बाह्य आघात हे एक स्वतंत्र कारण आहे, हे आपण विसरू नये. ज्याला मारले जाते त्याने मार ‘आकर्षित’ केलेला नसतो.

वर्तमानातील एक उदाहरण देतो. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वृत्तपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविण्यात आले. फरक केवळ आडनावांचा होता. दलित आडनावाच्या अर्जाला पुढील फेरीसाठी बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश इतकीच आढळली. हे अर्जदार काल्पनिक होते. त्यांना मन नव्हते, विचार नव्हते, कंपनेही नव्हती. लिफाफ्यात केवळ एक आडनाव होते, आणि ते पुरेसे ठरले.

बाबासाहेबांचे एक विधान

येथे एक प्रामाणिक अडचण उभी राहते. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात, पहिल्या खंडाच्या अखेरच्या भागात, बुद्धाने काय स्वीकारले हे सांगताना बाबासाहेबांनी मनाला सर्वांचे केंद्र म्हटले आहे. आतून उद्भवणाऱ्या आणि बाहेरून ओढवणाऱ्या बऱ्यावाइटाचे उगमस्थान मन आहे, असाही आशय तेथे आहे. शिबिरवाल्यांच्या हाती हा उतारा पडला तर बाबासाहेबही त्यांच्या पंथाचे ठरावयास वेळ लागणार नाही.

हा उतारा कसा वाचावा? त्याच भागात बुद्धाने काय नाकारले याची यादी आहे आणि तीत ईश्वर, ब्रह्म व आत्मा यांचा स्पष्ट समावेश आहे. ज्याने दैवताला दारातून घालविले, तो त्याला मनाच्या नावाने खिडकीतून आत घेणार नाही. चौथ्या खंडात पूर्वकर्माच्या सिद्धांताची चिकित्सा करताना, दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी यापलीकडे त्या सिद्धांताचा काही हेतू दिसत नाही, असा निष्कर्ष बाबासाहेबांनी काढला आहे. आणि १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या निबंधात जात ही विटांची भिंत नसून मनाची एक अवस्था आहे, असे ते सांगतात. ही तीन स्थळे एकत्र वाचली म्हणजे आमच्या मते अडचण दूर होते. बाहेरून येणारे वाईटही मनातून येते, हे खरे आहे. परंतु ते सोसणाऱ्याच्याच मनातून येते असे बाबासाहेबांनी कोठे म्हटले आहे? ज्या मनाने जात घडविली ते शास्त्रांवर श्रद्धा ठेवणाऱ्यांचे मन आहे. मने अनेक आहेत, ती एकमेकांवर आघात करतात, आणि त्यांतून रूढी, कायदा व सत्ता उभी राहते. एका माणसाने डोळे मिटून ती पडत नाही.

आपल्या परंपरेतील एका दोषाचीही कबुली येथे दिली पाहिजे. ज्या अट्ठकथेचा आधार आम्ही वर घेतला, तिनेच या गाथेची पार्श्वभूमी म्हणून चक्खुपाल थेरांची कथा दिली आहे. अंध थेरांच्या पायाखाली किडे मरतात. मनात हेतू नव्हता म्हणून दोष नाही, इथपर्यंत कथा गाथेला धरून आहे. पुढे मात्र थेरांच्या अंधत्वाचे कारण पूर्वजन्मी त्यांनी वैद्य असताना एका स्त्रीची दृष्टी घालविली, असे सांगितले आहे. अंधत्वाचा रोग शरीराचा असताना तो जुन्या पापाच्या खाती टाकणे हे सीवकाला दिलेल्या उत्तराशी जुळत नाही. अट्ठकथा शब्दार्थासाठी घ्यावी आणि कथार्थासाठी पारखावी, असे आमचे मत आहे. परक्यांच्या पुस्तकाची चिकित्सा करावयाची आणि घरच्या पुस्तकाला नमस्कार करावयाचा, हा न्याय नव्हे.

समारोप

मग मनाचे सामर्थ्य काहीच नाही काय? आहे, आणि ते पुरेसे आहे. मनाशिवाय वाणी आणि कृती यांना दिशा नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला जे लोक चवदार तळ्याकडे निघाले, त्यांची मने आधी बदलली होती. आपण हीन आहोत ही शिकवण त्यांनी आधी मनातून काढून टाकली. त्या अर्थाने मन पुढे होते. परंतु त्यानंतर पाय चालले, ओंजळ पाण्यात गेली, मार सोसावा लागला आणि न्यायालयात दहा वर्षे दावा लढवावा लागला. घरी बसून पाण्याची कल्पना करणे हा त्यांचा मार्ग नव्हता. गॅब्रिएल एटिंगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे २००२ साली प्रसिद्ध झालेले संशोधनही याला पुष्टी देते: पदवीधरांपैकी जे सुखद कल्पनांत अधिक रमले त्यांचे प्रयत्न कमी पडले आणि नोकरीतील यशही कमी राहिले. अनुभवावर आधारलेली अपेक्षा मात्र उपयोगी ठरली. सम्मावायाम म्हणजे सम्यक् प्रयत्न हे अष्टांगिक मार्गाचे स्वतंत्र अंग आहे. सम्यक् संकल्पाने ते आपोआप साध्य होत असते, तर त्याची गणना वेगळी करण्याचे प्रयोजन नव्हते.

त्या तरुणाला आम्ही इतकेच सांगितले: तुझ्या विचारांत खोट होती असे तथागत म्हणत नाहीत. तुझ्या अभ्यासात काही उणे असेल तर ते शोधू या. जागा किती होत्या आणि अर्ज किती आले तेही पाहू या. आणि जे तुझ्या हाती नव्हते त्याचे ओझे खाली ठेव. विहारातील दोन निवृत्त शिक्षकांनी त्याचा अभ्यास पाहण्याचे मान्य केले. पुढच्या रविवारी तो पुस्तके घेऊन आला. ज्या विहारांत ही गाथा म्हटली जाते, त्या प्रत्येक विहारात तिचा अर्थ एकदा तरी शब्दशः समजावून दिला जावा, अशी आमची उपासकांना आणि भिक्खुसंघाला नम्र विनंती आहे.